अशील की पासवर्ड?

"असल्यांची वकीलपत्रं हे लोक घेतात तरी कशी?"

डोंबिवलीत लहानाचा मोठा होताना हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल, मोजदाद नाही. पतसंस्था बुडाली की ऐकू येतो, बिल्डर गायब झाला की ऐकू येतो. २०१९ साली ऐन दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, लग्नासाठी महिन्यामहिन्यानं पैसे भरलेली माणसं कुलपासमोर उभी राहिली, आणि मालकांना अटक झाल्यावर आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर हाच प्रश्न फिरला. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. 'पैशासाठी' हे उत्तर प्रश्नातच बसवलेलं असतं. मीही तो विचारलेला आहे, आणि विचारताना आपण फार सज्जन आहोत असं मला वाटलेलं आहे.

आज मला त्याच्या उलट बाजूनं भांडायचं आहे. आर्थिक घोटाळ्यातल्या आरोपीचा वकील सत्याच्या आड येतो, ही समजूत चुकीची आहे. पुष्कळदा त्या खोलीत सत्य बाहेर यावं असं वाटणारा तो एकटाच असतो, कारण बाकीच्यांना ते झाकलेलं परवडतं. या बाकीच्यांमध्ये एकदा मी होतो. तिथूनच सुरुवात करतो.

मी पंचवीस वर्षांचा होतो. इंजिनिअरिंग संपवून ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका लहान कंपनीत लागलो होतो. आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांमध्ये चालायचं: बचत खाती, ठेवी, कर्जं, रोजकीर्द, सगळं. एका संस्थेत लेखापरीक्षकाला आढळलं की वर्षानुवर्षं हालचाल नसलेल्या काही खात्यांतून पैसे निघाले आहेत. खातेदार बहुतेक म्हातारे, एकदोन वारलेले. रक्कम चार लाखांच्या घरात. सतरा नोंदी, आणि सगळ्यांवर एकच युजर आयडी, एका कॅशियर बाईंचा.

मला नोंदी काढून द्यायला सांगितलं. अर्ध्या तासाचं काम. सोबत पोलीस तक्रारीला जोडायला भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-बखालचं प्रमाणपत्र हवं होतं. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: संगणकातून काढलेला कागद न्यायालयात पुरावा म्हणून चालायचा असेल, तर त्या संगणकाशी संबंधित जबाबदार माणसानं लिहून द्यावं लागतं की हा संगणक नेहमीच्या कामात वापरला जात होता आणि त्या काळात व्यवस्थित चालत होता. हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे असं सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी ठामपणे सांगितलं, तेही आपल्याच जालन्याच्या एका निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. मी हे काही वाचलेलं नव्हतं. आमच्याकडे तयार नमुना होता. त्यात नाव आणि तारीख बदलली आणि सही केली. 'व्यवस्थित चालत होता' या तीन शब्दांवर मी तीन सेकंदही थांबलो नाही.

बाई निलंबित झाल्या. संस्थेनं विभागीय चौकशी लावली. संस्थेची बाजू मांडायला वकील होता, म्हणून बाईंनाही वकील देणं भाग पडलं. हा हक्कसुद्धा भांडून मिळालेला आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या नाडकर्णी नावाच्या कर्मचाऱ्याच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मालकाकडून कायदा शिकलेला माणूस उभा राहत असेल, तर नोकराला एकट्यानं लढायला लावणं न्यायाचं नाही. ते झालं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

बाईंचे वकील कल्याण कोर्टात तीसेक वर्षं काम केलेले गृहस्थ होते. मी साक्षीदार म्हणून बसलो. त्यांनी माझ्यासमोर माझाच कागद ठेवला.

"साहेब, ही ओळ काय सांगते?"

"या वेळेला या युजरनं पैसे काढण्याचा व्यवहार मंजूर केला."

"युजर म्हणजे कोण?"

"मॅडम."

"मॅडम कुठे लिहिलंय? लिहिलंय तेवढंच वाचा."

मी आयडी वाचला. पाच अक्षरं, दोन आकडे.

"म्हणजे या ओळीत माझी अशील आहे, की तिचा पासवर्ड?"

"पासवर्ड."

"आणि तो पासवर्ड माहीत नसताना तिच्या नावानं कोणी आत जाऊ शकतं?"

इथे 'नाही' म्हटलं असतं तर कोणाला पत्ता लागला नसता. पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती. महिनाअखेरीला तक्रारींचा ढीग पडायचा, तेव्हा आमच्या सपोर्टची मुलं ठाण्यात बसून ग्राहकाच्या युजरच्या नावानं आत शिरायची आणि चूक दुरुस्त करायची. नोंदीत मात्र ग्राहकाचाच आयडी उमटायचा. मला हे ठाऊक होतं, कारण त्या सोयीतली एक चूक मीच दुरुस्त केली होती. प्रमाणपत्र लिहिताना ते मला आठवलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे कोणी विचारलं नव्हतं म्हणून मी बोललो नव्हतो.

मी आमच्या मॅनेजरकडे पाहिलं. मग "हो" म्हटलं.

वकिलांनी हा प्रश्न हवेत मारला नव्हता. संस्थेनंच पुरवलेलं हजेरीचं मस्टर त्यांनी माझ्या नोंदींशेजारी ठेवून ओळीनं वाचलं होतं. सतरापैकी दोन नोंदींच्या दिवशी बाई रजेवर होत्या. मस्टर संस्थेकडे होतं, नोंदी माझ्याकडे होत्या, अहवाल लेखापरीक्षकाकडे होता. तिघांपैकी कोणीही दोन कागद शेजारी ठेवले नव्हते. आमच्या लेखी नाव सापडलं होतं आणि काम संपलं होतं.

आरोप सिद्ध होत नाहीत असा अहवाल आला. तोवर चौदा महिने गेले होते. बाईंनी थकलेला पगार घेतला आणि राजीनामा दिला. पैसे कोणी काढले ते मला आजही माहीत नाही. उरलेल्या पंधरा नोंदींत त्यांचा हात नव्हताच, असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. चौकशी संपल्यावर खाली चहाच्या टपरीवर मी वकिलांना तेच विचारलं. "त्यांनी नाही ना घेतले?" ते म्हणाले, "घेतले हे तुम्ही दाखवायचं होतं. नीट दाखवलं असतंत तर मीच तिला म्हटलं असतं, बाई, भरून टाक आणि मोकळी हो."

त्या उत्तरानं माझी वकिलांबद्दलची समजूत बदलली. पुढे त्यांच्याकडे दोनचारदा गेलो. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत सिनेमात दाखवतात तसा एकही प्रसंग नाही. सहकार कायद्याच्या कलम ८३खालच्या चौकशा, ८८खालची जबाबदारी निश्चिती, दंड संहितेच्या ४०९ आणि ४२०चे खटले. कारकुनांचे, शाखा व्यवस्थापकांचे, कधी संचालकांचेही. काम म्हणजे वाचणं. व्हाउचर, खतावणी, इतिवृत्ताची वही, टपालाची आवक-जावक. "घोटाळा नेहमी जाड फायलीत असतो," ते म्हणाले, "आणि जाड फाइल वाचायला सरकारी बाजूला वेळ नसतो. मला असतो, कारण माझी फी त्याचीच आहे."

इंग्लंडमध्ये या कामाला वाहून घेतलेला एक स्वतंत्र पेशाच आहे, सॉलिसिटरचा. कोर्टात युक्तिवाद करणारा बॅरिस्टर वेगळा आणि अशिलाजवळ बसून कागद गोळा करणारा, वाचणारा, लावणारा सॉलिसिटर वेगळा. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही अशी सक्तीची विभागणी होती, ती १९७६च्या दुरुस्तीनं गेली. सॉलिसिटर ही पदवी मात्र मुंबईत टिकून आहे. कल्याणला दोन्ही कामं एकच माणूस करतो, कोट खुर्चीला अडकवून.

माझ्या त्या सतरा नोंदींचा एक भयंकर मोठा भाऊ इंग्लंडमध्ये होता, हे मला नंतर कळलं. ब्रिटिश पोस्ट ऑफिसनं १९९९पासून आपल्या शाखांमध्ये होरायझन नावाची संगणक प्रणाली बसवली. बनवणारी कंपनी फुजित्सु. शाखा चालवणाऱ्या पोस्टमास्तरांच्या हिशेबात तूट दिसू लागली. चूक प्रणालीत होती, पण पोस्ट ऑफिसनं माणसांवर खटले भरले. २०१५पर्यंत नऊशेहून जास्त जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. त्यांतले सुमारे सातशे खटले पोस्ट ऑफिसनं स्वतःच चालवलेले होते.

सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या बाई सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटला पोस्ट चालवायच्या. सुमारे ७४ हजार पौंडांच्या चोरीबद्दल २०१०च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. त्या तेव्हा गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. फुजित्सुचा एक इंजिनिअर, गॅरेथ जेंकिन्स, त्या खटल्यात प्रणालीबद्दल साक्ष द्यायला आला होता. जेंकिन्सना माहीत असलेल्या चुका त्यांनी न्यायालयांना सांगितल्या नाहीत, असा सल्ला पुढे २०१३ साली पोस्ट ऑफिसच्याच एका बॅरिस्टरनं लेखी दिला. तो सल्ला दोषी ठरलेल्यांपर्यंत पोचायला वर्षं लागली. कंपनीची माणसं दुरून शाखेच्या हिशेबात हात घालू शकतात का, या प्रश्नालाही पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं 'नाही' म्हणत राहिलं. उत्तर 'हो' होतं. हे वाचताना मी लॅपटॉप मिटून थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो.

हे इतकी वर्षं चाललं कसं? एक कारण कायद्यात होतं. संगणक नीट चालत होता हे दाखवण्याची अट तिथल्या फौजदारी कायद्यात पूर्वी होती. १९९९च्या कायद्यानं ती काढली. मग न्यायालयं असं गृहीत धरू लागली की यंत्र बरोबर आहे, उलट दाखवायचं असेल तर आरोपीनं दाखवावं. आणि आरोपी कोण? तर खेड्यातल्या दुकानात पोस्टाचं काउंटर चालवणारा माणूस, ज्याच्याकडे ना प्रणालीची कागदपत्रं, ना ती वाचू शकणारा तज्ज्ञ, ना त्यासाठी पैसे. कित्येकांनी तर तुरुंग टळावा म्हणून न केलेला गुन्हा कबूल केला.

कोंडी फुटली ती वाचणाऱ्या माणसांमुळे. अ‍ॅलन बेट्स आणि इतर मिळून ५५५ जणांनी दावा लावला आणि डिसेंबर २०१९मध्ये न्यायाधीश फ्रेझर यांनी प्रणालीचे दोष निकालात मांडले. तडजोडीत ५ कोटी ७७ लाख पौंड मिळाले, त्यांतला मोठा वाटा खटल्याच्या खर्चात गेला. मग सर विन विल्यम्स यांची सार्वजनिक चौकशी बसली. २०२१च्या जूनमध्ये तिला वैधानिक अधिकार मिळाले, म्हणजे कागद मागवण्याचा आणि साक्षीला बोलावण्याचा हक्क. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोस्टमास्तरांना तिथे 'मुख्य सहभागी' असा दर्जा होता. त्यांचे सॉलिसिटर सुनावणीला हजर असत, कागद आधी वाचत, कोणाला काय विचारावं ते सुचवत, परवानगी घेऊन स्वतःच्या बॅरिस्टरकरवी विचारतही. आणि तिथल्या २००५च्या चौकशी कायद्यात अशा वकिलांची फी सरकारी पैशातून देण्याची तरतूद आहे. २०२४च्या मे महिन्यात संसदेनं कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या. जुलै २०२५मध्ये अहवालाचा पहिला खंड आला, त्यात किमान तेरा माणसांनी या प्रकरणामुळे जीव दिला असावा असं नोंदलेलं आहे.

आता घरी येऊ.

कल्याण-डोंबिवलीत पासष्ट इमारतींचं प्रकरण सगळ्यांना तोंडपाठ आहे. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या महारेराकडे सादर झाल्या, नोंदणी क्रमांक मिळाले, त्या क्रमांकांच्या भरवशावर बँकांनी गृहकर्जं दिली आणि हजारो कुटुंबांनी घरं घेतली. वास्तुविशारद संदीप पाटील यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयानं १९ नोव्हेंबर २०२४ला या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक बसलं, ईडी आली.

इंजिनिअर म्हणून माझ्या डोळ्यांना यात आधी काय दिसतं ते सांगतो. सरकारी संकेतस्थळावर एक कागद चढवला जातो. तो महापालिकेनंच दिला आहे का, हे महापालिकेच्या नोंदीशी ताडून पाहण्याची सोय तिथे नाही. ती जोडणी पुढे, बोभाटा झाल्यावर सुरू झाली. म्हणजे माझ्या प्रमाणपत्रासारखंच. चौकट भरली, शिक्का दिसला, पुढे चला. लोकांनी मात्र त्या क्रमांकात सरकार पाहिलं. त्यात चढवलेल्या फाइलपलीकडे काही नव्हतं.

या प्रकरणात कोणाकोणाचे वकील आहेत ते पाहा. ज्यांच्यावर बनावटीचा आरोप आहे त्यांचे आहेत, असायलाच हवेत. महापालिकेचे आहेत, सरकारचे आहेत. पाडकामाच्या नोटिसा हातात पडलेली कुटुंबं मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये वर्गणी काढून वकील शोधत फिरली, उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात आणि तिथून मंत्रालयात. कर्जाचे हप्ते तोवर चालूच.

चौकशी लावा म्हणाल, तर आपल्याकडे चौकश्यांची वानवा नाही. या शहरातल्या बेकायदा बांधकामांसाठी अग्यार समिती नेमली होती. तिनं २००९ साली अहवाल दिला, त्यात ६७,९२० बेकायदा बांधकामांचा आकडा होता. तो अहवाल सरकारदरबारी पडून राहिला आणि पासष्ट इमारती त्याच्यानंतर उभ्या राहिल्या. आयोग नेमायचा तर १९५२चा चौकशी आयोग कायदा आहे. त्याची ८-ब आणि ८-क ही दोन कलमं वाचा, फार मोठी नाहीत. ज्याच्या वर्तनाची चौकशी चालली आहे किंवा ज्याच्या नावाला धक्का लागू शकतो, त्याला म्हणणं मांडण्याचा, उलटतपासणीचा आणि वकील देण्याचा हक्क आहे. ज्याचं घर गेलं, पैसे गेले, तो नुसता साक्षीदार असेल तर त्याला वकील उभा करायला आयोगाची परवानगी लागते. आणि मिळाली तरी फी त्यानं आपल्या खिशातून भरायची.

आता यातून आपण काय निष्कर्ष काढतो? आरोपीचा हक्क जास्त झाला, तो कमी करा. ग्रूपवर हेच म्हणतात. माझं म्हणणं असं की तो हक्क जसाच्या तसा ठेवा आणि दुसऱ्यालाही द्या. ज्या चौकशीत पीडितांच्या बाजूनं कागद वाचणारं कोणी नसतं, तिथे अहवाल लिहिला जातो तो हजर असलेल्यांच्या कागदांवरून. मग तो फडताळात गेला तरी कोणी विचारणारं नसतं, कारण त्याची प्रत मागणारा वकीलच नसतो.

माझ्यावर येणारे आक्षेप मला माहीत आहेत. पहिला: बडा भामटा बडा वकील आणतो, तारखांवर तारखा घेतो, ठेवीदार म्हातारे होऊन मरतात. हे खरं आहे आणि ते चीड आणणारंच आहे. पण कोर्टात वर्षं जातात ती फक्त वकिलाच्या तारखांनी जात नाहीत. तपास कच्चा असतो, जप्त मालमत्तेचं मोजमाप झालेलं नसतं, आणि आरोपपत्राला माझ्यासारख्याचं न वाचता सही केलेलं प्रमाणपत्र जोडलेलं असतं. चांगला बचाव असल्या कच्च्या कामावर बोट ठेवतो. दुबळा बचाव ते खपवून घेतो, आणि मग वरच्या न्यायालयात दहा वर्षांनी सगळं कोसळतं. तेव्हा ठेवीदाराच्या हातात काय पडतं?

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. पोस्ट ऑफिसकडेही वकील होतेच की! माणसांना तुरुंगात घालणारे तेच, सल्ला दडवला गेला तोही वकिलांच्याच कपाटांतून. मान्य. या पेशाला मी ओवाळायला बसलेलो नाही. पोस्ट ऑफिसचे वकील बिघडले कारण समोरचा दुबळा होता. आरोपीकडे तज्ज्ञ नव्हता, पैसा नव्हता, कागद नव्हते. ज्याला कोणी प्रश्न विचारत नाही तो वकीलही सडतो आणि इंजिनिअरही. मला स्वतःचा अनुभव आहे.

तिसरा आक्षेप आमच्याकडचे काका लोक घेतात: "कायद्याचं राहू दे, नीतीचं काय? गुन्हेगाराची बाजू घ्यायची?" डोंबिवलीत टिळकनगर आहे, टिळक रस्ता आहे, म्हणून टिळकांचंच उदाहरण घेतो. १८८८ साली पुण्यात कमिशनर क्रॉफर्ड यांच्या लाचखोरीची चौकशी करायला आयोग बसला. आपण लाच दिली असं सांगायला मामलेदारांना अभयाचं वचन देऊन पुढे केलं गेलं. आयोगानं क्रॉफर्ड यांच्यावरचे लाचेचे आरोप मान्य केले नाहीत, सरकारनं त्यांना नोकरीतून दूर केलं ते वेगळंच. पण नंतर दिलेलं वचन विसरून मामलेदारांवर कुऱ्हाड आली. तेव्हा टिळक या मामलेदारांच्या बाजूनं उभे राहिले. लाच दिल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेल्या माणसांच्या! त्यांना लाच चालत होती म्हणून का? चौकशीनं साक्षीदाराला वापरून फेकून देऊ नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

पुढे टिळक स्वतःच आरोपी झाले. ताई महाराज प्रकरणात त्यांच्यावर बनावट कागद आणि खोट्या साक्षीचे आरोप होते. १९०३ साली दंडाधिकाऱ्यानं त्यांना दीड वर्षाची सजा दिली. अपिलात सत्र न्यायालयानं दोष कायम ठेवला, सजा सहा महिन्यांवर आणली. १९०४ साली उच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली. म्हणजे दोन पायऱ्यांवर लोकमान्य हे कायद्याच्या लेखी दोषी होते. त्या दिवसांत पुण्यात कोणी विचारलं असेल का, असल्यांची वकीलपत्रं घेतात तरी कशी? विचारलं असणार. काही घरांत चवीनं विचारलं असणार.

तेव्हा भांडण कोणाशी आहे? माझं भांडण माझ्याच लोकांशी आहे. ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत एक इंजिनिअर आहे. बँकेपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं आम्ही पडद्यावर आणलं. आरोप आता आमच्या नोंदींवरून होतात, माणसं आमच्या कागदावरून निलंबित होतात, आणि आम्हाला एकदाही साक्षीला बसल्याचा अनुभव नसतो. १ जुलै २०२४पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३खालच्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, फाइलचं हॅश मूल्य द्यावं लागतं, दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. चांगली सुधारणा आहे. पण हॅश जुळला म्हणजे फाइल बदललेली नाही एवढंच कळतं. फाइल पहिल्यापासून खोटं बोलत असेल तर तिचाही हॅश तंतोतंत जुळतो. ते ओळखायला कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्याचे पैसे आपण ज्याला 'चोरांचा वकील' म्हणतो त्यालाच मिळतात.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जिथे सरकार चौकशी लावेल तिथे बाधित लोकांना नुसतं साक्षीदार न ठेवता वकिलासह पक्षकार करा आणि त्या वकिलाची फी चौकशीच्या खर्चात धरा. पासष्ट इमारतींपासून सुरुवात करा. अहवाल ठरलेल्या मुदतीत लोकांसमोर ठेवा. चौकशी आयोग कायद्यात तो कृतीच्या टिपणासह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवण्याची तरतूद आहेच, ती समित्यांनाही लावा. संगणकी नोंदीवर कोणाची नोकरी किंवा सुटका टांगलेली असेल, तर ती प्रणाली तपासण्याचा हक्क त्या माणसाच्या बाजूला द्या आणि तज्ज्ञाचा खर्च कायदेविषयक मदतीतून करा. आणि इंजिनिअर मित्रांनो, सही करण्याआधी 'व्यवस्थित चालत होता' हे शब्द मोठ्यानं वाचून पाहा.

हे सगळं लिहायला मला सोपं आहे, म्हणून शेवटी एक कबुली. चौकशीनंतर मी आमच्या कंपनीत एक दुरुस्ती सुचवली. सपोर्टचा माणूस ग्राहकाच्या नावानं आत गेला, तर नोंदीत त्याचाही आयडी उमटावा, एवढीच. एका नव्या रकान्याचं काम, फार तर दोन दिवसांचं. मॅनेजरनं विचारलं, "कोणत्या ग्राहकानं मागितलंय?" मी म्हटलं, कोणी नाही. ते काम यादीत खाली गेलं. पुढच्या वर्षी मी नोकरी बदलली. जुन्या टीममधल्या मित्राला परवा विचारलं, तो रकाना आला का रे? तो म्हणाला, तिकीट अजून उघडं आहे, तुझ्याच नावावर.